नाताळच्या सुट्टीत उरण गावातून धाव : कोण येतंय?

सीवूड्सकर | १३ डिसेंबर २०२५

मंडळी, यंदा २५ डिसेंबर गुरुवारी आलाय. ऑफिसला सुट्टी, मुलांच्या शाळा बंद. त्या दिवशी सकाळी नवी मुंबईतला नेहमीचा पामबीच रोड सोडून उरण गावातून पळावं असं मनात आहे.

उरणच का, तर माझी मावशी तिथे बाजारपेठेच्या मागच्या आळीत राहायची. नाताळची सुट्टी लागली की आई आम्हा भावंडांना भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदरात घेऊन जायची. लाँचमध्ये डिझेलचा वास, उतरल्यावर सुक्या मासळीचा. दुपारी गावात एवढी सामसूम असायची की मावशीच्या घड्याळाचे ठोके शेजारच्या ओटीवर मोजता यायचे. मावशीला जाऊन आता नऊ वर्षं झाली, घराला कुलूप आहे. १२ जानेवारी २०२४ ला लोकल थेट उरणपर्यंत सुरू झाली, तेव्हापासून जाऊ जाऊ म्हणतोय आणि राहून जातंय.

बेत असा : पहाटेच्या लोकलने जायचं, सातला पीरवाडीच्या किनाऱ्यावर वाळूत पळायचं, मग नागाववरून गावात, विमला तलाव, बाजारपेठ, मोरा बंदर आणि परत स्टेशन. घाई नाही. सोसायटीच्या ग्रुपमधले पंधरा-वीस जण तयार आहेत. एकाकडे छोटा स्पीकर आहे, लाल टोप्याही आणणार आहेत. इथलं कुणी येत असेल तर सांगा.

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : हे नागाव उरणचं. अलिबागचं नागाव वेगळं. मागे एकदा एकजण थेट तिकडे पोचले होते.)

हाफवाला | १३ डिसेंबर

मी येईन, पण मला त्या आठवड्यात २१ किलोमीटर करायचे आहेत. १८ जानेवारीला मुंबई मॅरेथॉनची हाफ आहे. गव्हाण फाट्यापासून हायवेने पळत उरण गाठलं तर? सुट्टीच्या दिवशी रस्ता मोकळा असेल.

तिठा | १३ डिसेंबर

नाही, नाही, नाही. तो राष्ट्रीय महामार्ग ३४८ आहे, पूर्वीचा ४ ब. न्हावाशेवा बंदराला नाताळची सुट्टी नसते, कंटेनर रात्रंदिवस चालू असतात. चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर वळताना मागची चाकं आतून घेतो. कडेने पळणारा माणूस ड्रायव्हरला वळणावर दिसतच नाही. मी त्या पट्ट्यात अकरा वर्षं नोकरी केली. सायकलवरून कामावर येणारे दोघे गमावलेत आम्ही. उजाडायच्या आत तर अजिबात नको.

हाफवाला | १४ डिसेंबर

बरं, समजलं. मग लाँग रन शनिवारी इथेच ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानाच्या फेऱ्या मारून उरकतो. गुरुवारी तुमच्याबरोबर हळू.

ठाणेकर_५८ | १४ डिसेंबर

मी कोपरीत राहतो. वय ५८, साखर आहे, गोळ्या चालू. जुलैपासून दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं असं करतोय. सलग सहा किलोमीटर जमतात. मला चालेल का? लाँचचं वाचून फार बरं वाटलं. मीही भाऊच्या धक्क्यावरून लाँचनेच यावं म्हणतो.

मोऱ्याची लेक | १४ डिसेंबर

नमस्कार. मी जन्माने मोऱ्याची, लग्न होऊन आता द्रोणागिरीत. घरी मासेमारी अजून चालू आहे. तीन गोष्टी सांगते, राग मानू नका.

पहिली, भरती. सातला किनाऱ्यावर वाळूत पळायचं म्हणताय, पण तिथी बघितलीत का? २५ ला पौष शुद्ध पंचमी आहे. आमच्याकडे हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा. पाच तिथीचे पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचारला पूर्ण भरती. तिथून सहा तासांनी ओहोटी, म्हणजे पावणेदहा-दहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सातला पाणी अर्ध्यावरच असणार. त्यात पंचमी म्हणजे भांगाकडे, म्हणजे छोट्या भरती-ओहोटीकडे, चाललेली तिथी, पाणी फार आत हटत नाही. तुमच्या वाट्याला वरची भुसभुशीत वाळू येईल, त्यात घोटे मुरगळतील. आधी गाव करा, किनारा शेवटी घ्या.

दुसरी, लाँच. ठाणेकर काका, अवश्य या, पण वेळ विचारून. मोऱ्याला गाळ इतका साचलाय की मोठ्या उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पूर्ण ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या बंद ठेवतात. पंचमीला तेवढं अडणार नाही. तरी सकाळच्या वेळेला गाठायचं तर लोकलच बरी. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने नेरूळ, तिथे बदलून उरण.

तिसरी गोष्ट मनापासून सांगते. वीस माणसं आणि स्पीकर घेऊन कृपा करून येऊ नका. पहाटे समुद्रावरून आलेली माणसं त्या वेळी नुकती पाठ टेकतात. गल्ल्या अरुंद, खिडक्या रस्त्याला लागून. मागच्या थंडीत एक ग्रुप आला होता. शिट्ट्या, गाणी, "कमॉन कमॉन". माझ्या आजेसासूबाई दचकून उठल्या आणि दिवसभर त्यांच्या छातीत धडधडत होतं. तुम्ही शांतता शोधत येताय ना? मग ती बरोबर घेऊन या.

पाणकावळा | १४ डिसेंबर

ताईंना पूर्ण अनुमोदन.

हाफवाला | १४ डिसेंबर

ताई, तुमचं म्हणणं पटतं, पण रस्ता सार्वजनिक आहे. वर्षातून एक दिवस वीस जण दहा मिनिटांत एका गल्लीतून गेले तर किती त्रास होणार? आमच्या सेक्टरमधून रोज लग्नाच्या वराती जातात.

मोऱ्याची लेक | १४ डिसेंबर

वराती गेलेल्या तुम्हाला आवडतात का? नाही ना. मग तेच. शिवाय डिसेंबरात रस्त्याच्या कडेला जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वाळत घातलेला असतो. वीस जणांतला एक तरी बघता बघता त्यात पाय घालतो. दोन पाट्या जवळा मातीत गेला की त्या बाईचा दिवस गेला. रस्ता सार्वजनिक आहे हे खरंच, पण त्याच रस्त्यावर आमचं अंगणही आहे.

सीवूड्सकर | १४ डिसेंबर

ताई, राग कसला. बरं झालं सांगितलंत. मला हे आधी सुचायला हवं होतं, कारण त्याच गल्लीत दुपारी आम्ही पोरं ओरडलो की मावशी तोंडावर बोट ठेवायची, "शेजारी माणसं रात्रीची आल्येत". मोठा झाल्यावर विसरलो.

सोसायटीच्या ग्रुपला नको म्हणून कळवलं. थोडी कुरकुर झाली, पण ते त्या दिवशी पामबीचवर जातील. स्पीकर तिकडे वाजू दे. उरणला फक्त तिघं : मी, ठाणेकर काका आणि हाफवाला. काकांच्या पळ-चाल वेगानेच जायचं. किनारा शेवटी.

खारघर_टेकडी | १६ डिसेंबर

एक शंका. मला दमा आहे, हिवाळ्यात जास्त. उरणच्या हवेबद्दल बरंच वाईट वाचलंय. पहाटे पळणं कितपत बरोबर?

पाणकावळा | १६ डिसेंबर

थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वर उबदार थराचं झाकण बसतं. धूळ, धूर, ट्रेलरचं डिझेल सगळं त्या झाकणाखाली अडकतं. शिवाय आपल्याकडे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, तोही मंद. ऊन तापलं की झाकण उठतं आणि मग समुद्रावरून वारा सुरू होतो. म्हणून हिवाळ्यात सहाची हवा प्रसन्न वाटली तरी नऊची बहुतेक वेळा जास्त स्वच्छ असते. आपल्या मनातल्या "पहाटेची शुद्ध हवा"च्या उलट.

सूक्ष्म धूलिकणांची, म्हणजे पीएम २.५ ची भारतीय मर्यादा २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ सांगितली. निघण्याआधी मोबाइलवर जवळच्या केंद्राचा पीएम २.५ चा आकडा बघा. साठच्या वर असेल तर दमा असणाऱ्याने पळूच नये, घरातच व्यायाम करावा. कमी असेल तरी इनहेलर खिशात ठेवा आणि डॉक्टरांना आधी विचारा.

आणि जाता जाता माझी एक विनंती. पाणजेच्या पाणथळीकडे वळलात तर बांधावर पळू नका. या दिवसांत तिथे शेकाटे असतात, तुतवार असतात, नशीब असेल तर रोहितही (फ्लेमिंगो). हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी चिखलात टिपून टिपून अंगात चरबी साठवत असतो. तुम्ही पळत गेलात की सगळा थवा उठतो आणि कमावलेलं उडण्यात घालवतो. लांबून थांबून बघा.

खारघर_टेकडी | १६ डिसेंबर

धन्यवाद. मग मी यंदा नाही, पण वृत्तांत नक्की लिहा.

तिठा | २० डिसेंबर

कुत्र्यांचं लक्षात ठेवा. शांत गावात सकाळी रस्ता त्यांचाच असतो. अंगावर आलं तर पळायचं नाही, चालायला लागायचं, डोळ्यांत बघायचं नाही, हात खाली. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करायची. हळद-चुना काही लावू नका.

आणि नौदलाच्या व तेल-वायू प्रकल्पाच्या कुंपणाजवळ मोबाइल बाहेर काढू नका. फोटो गावात काढा.

ठाणेकर_५८ | २४ डिसेंबर

उद्याची तयारी झाली. दोन खजूर, पाण्याची बाटली, ग्लुकोजची पुडी. सौ. म्हणाल्या, स्वेटर घालून जा. घालतो आणि तिथे कमरेला बांधतो.

सीवूड्सकर | २५ डिसेंबर, सायंकाळी

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

उरणला उतरलो तेव्हा अजून अंधारच होता. सध्या सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतोय. स्टेशनबाहेर एक रिक्षावाला शेकोटीशी बसला होता, त्याने आमच्या हाफ पँटींकडे बघून विचारलं, "थंडी नाही वाजत?" वाजत होती. काकांनी दहा मिनिटं सगळ्यांकडून पाय मोकळे करून घेतले. घोटे गोल फिरवणं, पोटऱ्या ताणणं, जागच्या जागी चालणं. थंडीत स्नायू आखडलेले असतात आणि एरवी मी हे टाळतो. आज टाळलं नाही म्हणूनच गुडघा कुरकुरला नाही.

बाजारपेठेत शिरलो तेव्हा सगळी शटर खाली. दुधाच्या गाडीवरून क्रेट उतरवत होते, तेवढाच आवाज. आमच्या बुटांचाही आवाज ऐकू येत होता, इतका की आपोआप पावलं हलकी पडायला लागली. हाफवाला हळूच म्हणाला, "इथे टाच आपटून पळताच येत नाही." हे मला फार महत्त्वाचं वाटलं. पामबीचवर गाड्यांच्या आवाजात आपण किती धपाधप पळतो ते कळतच नाही. इथे शांततेनेच शिकवलं. पाऊल शरीराखाली पडलं की आवाज कमी, पुढे टाकलं की आवाज. अर्धा किलोमीटर आम्ही तिघं फक्त कानाने पळत होतो.

विमला तलावाशी गावातली दहा-बारा माणसं चालत होती. एक फेरी मारली. पाण्यावर धुकं होतं, त्यात समोरचा काठ दिसेना.

मग मावशीची आळी. मला वाटलं होतं की थांबेन, फोटो काढेन. प्रत्यक्षात दारासमोर आलो तर कुलूप गंजलंय आणि ओटीच्या कठड्यावर कुणीतरी शेजाऱ्याने तुळशीची कुंडी ठेवल्ये. कुंडीला नुकतंच पाणी घातलेलं होतं, माती काळी ओली, आणि खालच्या फरशीवर थेंब. घर बंद असून कुणीतरी रोज सकाळी येऊन पाणी घालतंय. पलीकडच्या ओसरीवर कागदी चांदणी लटकत होती, आतला दिवा अजून चालू. फोटो नाही काढला. काका माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, मग आम्ही चालायला लागलो आणि कोपरा वळल्यावर पुन्हा पळायला.

मोऱ्याकडे जाताना एक कुत्रा भुंकत धावून आला. तिठासाहेब, तुमचे शब्द आठवले. तिघंही चालायला लागलो, हात खाली. पन्नास पावलं सोबत आला आणि परत गेला.

मोऱ्याला रस्त्याच्या कडेला एक मावशी बसल्या होत्या, पुढ्यात जुनं जाळं अंथरलेलं आणि त्यावर जवळा. जवळून कधी बघितला नव्हता. ओला असताना पारदर्शक, किंचित गुलाबी, प्रत्येकाला दोन काळे ठिपके डोळ्यांचे. मावशी तळहात सपाट धरून गोल गोल फिरवत तो पातळ पसरवत होत्या, एकावर एक राहू न देता. मधूनच बारीकसा मासा सापडला की दोन बोटांनी उचलून बाजूच्या टोपलीत. आम्हाला बघून म्हणाल्या, "बाजूनशी जा रं, जवला हाय." गेलो बाजूने. ताई, वीस जण असतो तर काय झालं असतं ते तिथे डोळ्यांनी बघितलं.

धक्क्यावर पाच मिनिटं बसलो. समोर धुरकट मुंबई, लाँच हेलकावत होती. काकांनी खजूर दिले. साखर तपासली, ठीक होती.

परत फिरून नागावमार्गे पीरवाडीला पोचलो तेव्हा साडेनऊ होत आले होते आणि पाणी ताई म्हणाल्या तसंच उतरत होतं. दर्ग्यापलीकडे ओल्या वाळूचा घट्ट पट्टा उघडा पडला होता. फार रुंद नाही, पण पुरेसा. बूट काढले. वाळूवर पाऊल उमटायचं आणि भोवती क्षणभर कोरडं वर्तुळ पडायचं. ऊन अंगावर, आणि तोवर समुद्राकडून वाराही सुरू झाला होता. तिथे काका आमच्या पुढे गेले. पळ-चालचं घड्याळ त्यांनी बंद केलं होतं, आमच्या लक्षातच आलं नाही. एकूण अकरा किलोमीटर झाले. त्यांचे आजवरचे सर्वांत जास्त सहा होते.

ठाणेकर_५८ | २५ डिसेंबर

मी फक्त एवढंच लिहितो की शेवटच्या वाळूच्या तुकड्यावर मला दम लागलाच नाही. पोटऱ्या आता भरून आल्या आहेत. सौ. तिळाच्या तेलाने चोळून देत आहेत. तुम्ही दोघांनी माझ्यासाठी वेग कमी ठेवलात, हे विसरणार नाही.

पाणकावळा | २५ डिसेंबर

काका, अभिनंदन! पण सहावरून एकदम अकरा झालेत, तर आता तीन-चार दिवस फक्त चालणं. स्नायू लवकर तयार होतात, टाच आणि नडगीकडच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) मागाहून. दुखणं तिथून सुरू होतं.

हाफवाला | २६ डिसेंबर

ताई, मी त्या दिवशी रस्ता सार्वजनिक आहे असं लिहिलं होतं. ते शब्द मागे घेतो. जवळ्याच्या शेजारून जाताना मी श्वाससुद्धा हळू घेत होतो.

आणि एक नोंद माझ्यासारख्यांसाठी : मॅरेथॉनला साडेतीन आठवडे उरलेत, प्रत्येक धाव वेगाने करायची गरज नाही. कालच्या दिवसानंतर आज पाय ताजे आहेत.

मोऱ्याची लेक | २६ डिसेंबर

वाचून डोळे भरले. ती तुळशीची कुंडी कुणाची ते मी शोधून काढलं. सीवूड्सकर दादा, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात कळवते, इथे नाव नको. त्या तुमच्या मावशींना ओळखायच्या. आई म्हणाली, पुढच्या वेळी दार वाजवायला सांग.

पुढच्या वेळेचं मी बघून ठेवलंय. ४ जानेवारीला रविवार आहे, पौष वद्य प्रतिपदा. एका तिथीचा पाऊण तास, म्हणजे भरती मध्यरात्री पाऊणला आणि ओहोटी सकाळी सातच्या सुमारास. आदल्या दिवशी पौर्णिमा, त्यामुळे उधाण मोठं आणि पाणी खूप लांब हटलेलं असेल. उजाडताना पीरवाडीला पूर्ण घट्ट वाळू मिळेल. या खेपेस किनारा आधी, गाव नंतर. लाँचने येऊ नका, त्या वेळी मोऱ्याला गाळ उघडा असेल. वालाच्या शेंगा आता भरायला लागल्या आहेत, भांबुर्ड्याचा पाला आमच्या बांधावर आहे. संध्याकाळपर्यंत थांबणार असाल तर मडकं लावते. पोपटीला, म्हणजे मडक्यात पाल्यासकट भाजलेल्या शेंगांना, चौघं-पाचजण चालतील. खारघरच्या ताई की दादा, तुम्हीही या, पळू नका, बसा आमच्याजवळ.

खारघर_टेकडी | २६ डिसेंबर

ताईच. येते. हवेचा आकडा बघून, दुपारनंतर.

सीवूड्सकर | २६ डिसेंबर

४ जानेवारी, पहाटेची लोकल. येताना तुळशीसाठी थोडी शेणखताची पिशवी आणतो.